बावीस कट्यारींचा कागद

हिस्न सुवैद, इब्ब
१२ मार्च २००६

अव्वाद,

आधी सलाम, मग शिव्या. चार वर्षांनी तुझी चिठ्ठी आली, ती पाच ओळींची. त्यातल्या तीन कुणीतरी काळ्या शाईने खोडलेल्या. उरलेल्या दोनात तू विचारतोस, गाय व्याली का! अरे लेका, ती गाय मेली, तिची कालवड मोठी झाली आणि तीही दोनदा व्याली. पण तू हयात आहेस, तुझं अक्षर अजून तसंच गचाळ आहे, एवढं कळलं आणि आमचा जीव भांड्यात पडला.

रेडक्रॉसचा माणूस चिठ्ठी घेऊन आला तेव्हा आईने ती आधी डोळ्यांना लावली. मग मला म्हणाली, "मुक्बिल, त्या काळ्या ओळींत काय आहे?" मी म्हटलं, "तुझी कवळी कधी बसवतो ते लिहिलं असेल." ती खूप हसली. तिच्या हिरड्यांचा मेणाचा साचा घेऊन तू लाहोरला दात करायला शिकायला गेलास, तेव्हा तिला खाली चार दात तरी होते. आता एकही नाही. तुझी गालिया तिला भाकरी मेथीच्या हुलब्यात भिजवून देते. तुझी नूरिया तू गेलास तेव्हा चाळीस दिवसांची होती. आता माझ्या खांद्यावर बसून मलाच हुकूम सोडते.

आता कामाचं. त्या माणसाने एक कागदही आणलाय. तुला डांबलंय त्या अमेरिकन तळावर वर्षातून एकदा तीन अधिकारी बसतात, कोण अजून धोक्याचा आणि कोणाला घरी सोडायचं ते ठरवतात. घरच्यांना काही सांगायचं असेल तर लेखी पाठवता येतं. दुपारी गालात गातची तरतरी आणणारी पानं धरून सगळी मंडळी आमच्या बैठकीत जमली आणि प्रत्येकाने अक्कल पाजळली. नाजीमास्तर रेडिओ ऐकून ऐकून वकील झालाय. तो म्हणाला, "लिहा की आरोप न ठेवता माणसाला असं डांबता येत नाही. मानवी हक्क आहेत त्याला. त्यांच्याच देशात यावरून केवढी भांडणं चाललीत. एक बाजू म्हणते तळ परक्या भूमीवर आहे, तिथे आमचा कायदा लागत नाही. दुसरी म्हणते, झेंडा तुमचा तर कायदाही तुमचाच."

मी म्हटलं, मास्तर, अकरा वर्षं मी या गावचा अमीन आहे. विहिरीचं भांडण, बांधाचं भांडण, दोन खुनांचं वैर मिटवलंय. हक्क सांगत गेलास की समोरचा अडून बसतो.

तेव्हा काळजी करू नकोस. तुझं काम तुझ्या भावाने हातात घेतलंय.

मुक्बिल


हिस्न सुवैद
३० एप्रिल २००६

अव्वाद,

कागद गेला. कसा गेला ते ऐक, ऊर भरून येईल तुझा.

आपल्या गावच्या सालिहच्या ट्रकखाली बनी वुहैब टोळीतला म्हातारा आला होता, ते आठवतं? चूक त्या म्हाताऱ्याची होती. वळणावर तो रस्त्याच्या मधोमध शेकत बसला होता, अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. तरी आपले अब्बा त्यांच्या गावात गेले, सगळ्यांसमोर कमरेची जंबिया काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "चूक आमची. निवाडा तुमच्या हाती." म्हाताऱ्याच्या मोठ्या लेकाने ती कट्यार उचलली, धूळ पुसली आणि परत अब्बांच्या कमरेला बांधली. मग कॉफी आली. संपलं वैर. ज्याने मान तुकवली त्याच्यावर हात टाकला तर टाकणाऱ्याचंच नाक कापलं जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी तेच केलं. कट्यारी टपालाने जात नाहीत, म्हणून गावच्या बावीस पुरुषांना मशिदीसमोरच्या अंगणात उभं केलं. सगळ्यांनी आपापली कट्यार काढून खाली ठेवली. इब्बहून फोटोवाला आणला होता. आणि कागदावर मी माझ्या हाताने लिहिलं: "आमच्या अव्वादच्या हातून तुमचं जे काही नुकसान झालं असेल ते आमच्या शिरावर. चूक आमची. आम्ही बावीस जण आमच्या कट्यारी तुमच्यापुढे ठेवतो. निवाडा तुम्ही करा." खाली माझी सही आणि बावीस अंगठे. म्हातारा हिझाम तर रडला. म्हणाला, एवढं देखणं काम त्याने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तुझी बायको गालिया तेवढी फुरंगटली आहे. दाराआडून मला विचारते, "मोठे भावजी, त्यांनी केलंय काय?"

"काही नाही."

"मग चूक कसली कबूल करता?"

"ती कबुली नाही गं, ती रीत आहे."

"रीत त्यांना ठाऊक आहे?"

मी म्हटलं, एवढं मोठं राज्य चालवतात, एवढं कळत नसेल त्यांना? त्या दिवसापासून ती माझ्यापुढे कॉफी आणत नाही. नूरिया आणते आणि अर्धी वाटेत सांडते.

तुझी खोली चुन्याने रंगवून घेतोय. रमजानपर्यंत येशील असा माझा अंदाज आहे.

मुक्बिल


हिस्न सुवैद
१८ जून २००७

अव्वाद,

एक रमजान गेला, दुसरा येईल. तुझ्या दोन चिठ्ठ्या आल्या, दोन्हींत सलामाखेरीज काही वाचता आलं नाही. मधे खालच्या खोऱ्यातला एक जण तिथून सुटून आला. त्याच्या घरच्यांनी तर कागदच पाठवला नव्हता. मी त्याला भेटायला गेलो. त्याने माझ्याशी हात मिळवला, तुझं नाव ऐकलं आणि म्हणाला, "तुम्ही त्याचे भाऊ का?" आणि हात सोडवून घेतला. मला ते आवडलं नाही, पण तुरुंगातून आलेला माणूस विचित्र वागतो असं म्हणून मी सोडून दिलं.

मागच्या आठवड्यात तुझी वकील आली. अमेरिकन बाई, नाव मार्था लिंडक्विस्ट. आईला ते म्हणता येत नाही, ती तिला लिंडाबाई म्हणते. अरबी बोलते, पण इजिप्शियन लोकांसारखी. बाई मांडी घालून बसली, सल्त्याच्या उकळत्या रश्श्यात बोट बुडवलं, भाजलं, हसली. मला आवडली. मग तिने पिशवीतून एक कागद काढला.

"मुक्बिलसाहेब, हा तुम्ही लिहिलात?"

मी मिशीवरून हात फिरवला. "मीच. दुसरं कोण लिहिणार?"

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग त्या तीन अधिकाऱ्यांनी काय लिहून ठेवलंय ते तिने मला वाचून दाखवलं. मी ते पाठ केलंय, ठरवून नाही, पण झालंय. "कैद्याच्या कुटुंबातील व टोळीतील बावीस पुरुषांनी त्याचा अपराध लेखी मान्य केला आहे. सोबत त्यांच्या शस्त्रांचे छायाचित्र जोडले आहे. कैदी परतल्यास या सशस्त्र गटात सामील होण्याची शक्यता आहे."

"सशस्त्र गट? अहो, हिझामच्या कट्यारीला धारसुद्धा नाही. म्यानातून निघेना, दोघांनी ओढून काढली!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांना नाही."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगितलं. ते म्हणाले, भावाची सही आहे."

पडद्यामागे गालिया होती. ती उठून आत गेली आणि पिठाच्या परातीचा आवाज आला.

अव्वाद, मी तुझ्या चांगल्यासाठी केलं. हे वाक्य मी दिवसभरात किती वेळा म्हणतो, ते आई मोजत असेल.

मुक्बिल


हिस्न सुवैद
९ ऑगस्ट २००७

अव्वाद,

लिंडाबाई म्हणाली, एक उपाय आहे. मी शपथेवर लिहून द्यायचं की तो कागद माझाच, पण त्यातले शब्द खरे नव्हते. अव्वादने काही केलं नव्हतं, कबुली ही नुसती रीत होती. आणि त्या बावीस जणांनीही तसंच लिहून द्यायचं.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. मी हिझामकडे गेलो. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही कट्यारी खोट्या ठेवल्या असं लिहायचं?"

"खोट्या नाही. रीत म्हणून."

"मुक्बिल, उद्या कुणी आपल्यापुढे कट्यार ठेवली तर तिच्यावर आपण विश्वास का ठेवायचा मग? नाही बाबा. मला मरताना माझं तोंड स्वच्छ हवं."

त्याचं काय चुकलं सांग? मीच त्याला हे वर्षानुवर्षं शिकवत आलो. बावीसपैकी नऊ जणांनी अंगठे दिले. त्यातले दोघे रात्रभर विचार करून परत आले आणि अंगठा पुसून मागायला लागले. नाजीमास्तरने सगळ्यांत आधी दिला, आणि "मी सांगत होतो" हे तो म्हणाला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मी सना शहरात जाऊन कुराणावर हात ठेवला आणि लिहून दिलं: माझे शब्द खरे नव्हते. त्यानंतर पंधरा दिवसांत वरच्या वाडीचं पाटाचं भांडण निघालं. ते माझ्याकडे आलेच नाहीत, सरळ खालच्या गावच्या शेखकडे गेले. मी समजलो. दुसऱ्या दिवशी अमीनपदाचा शिक्का नेऊन दिला. कुणी ठेवून घे म्हणालं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुझ्यापुढे त्या शिक्क्याची काय किंमत, असं म्हणून त्यावर पाणी सोडलं.

आता तू एक कर. त्यांनी विचारलं तर सांग, हो, तो कागद माझ्या भावाचा आहे आणि माझा भाऊ गाढव आहे. एवढंच सांग, कारण ते खरं आहे.

मुक्बिल


सना
२३ ऑक्टोबर २००८

अव्वाद,

आज तुझा आवाज ऐकला. चार तास गाडीत बसून आई वाटेत दोनदा ओकली, पण रेडक्रॉसच्या त्या खोलीत फोन कानाला लावल्यावर ती विशीतल्या पोरीसारखी बोलत होती. नूरियाने तुला शाळेतली कविता म्हणून दाखवली आणि मधेच विसरली. गालिया काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तुझा आवाज बारीक झालाय. खोकतोस फार.

मग फोन माझ्याकडे आला. तू काय बोललास ते इथे लिहून ठेवतो, कारण मला ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

"दादा, तुझी पत्रं येतात रे, पण वरचा सलाम आणि खालचं तुझं नाव सोडलं तर सगळी काळी. ऐक, वेळ थोडा आहे. यांच्याकडे एक कागद आहे, म्हणतात तू लिहिलास. मला गुन्हेगार म्हणणारा. मी हसलो त्यांच्या तोंडावर! म्हटलं, एका शेळीसाठी तीन दिवस वाद घालणारा माझा भाऊ, तो स्वतःच्या माणसाला दोषी म्हणेल? तुम्ही बनवलाय हा. दर बैठकीत तेच सांगतो. त्यासाठी एकदा महिनाभर अंधाऱ्या खोलीत होतो, तरी तेच सांगितलं. वकिलीणबाई आली तेव्हा तिलाही भेटायचं नाकारलं, म्हटलं तीही त्यांचीच. आता हे लोक ऐकतायत, दादा. मोठ्याने सांग. तो कागद तुझा नाही ना?"

एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला गालिया. तुझ्या आवाजात केवढा आनंद होता! एवढी वर्षं तू कशाच्या जोरावर उभा होतास ते मला त्या क्षणी कळलं.

मी म्हणालो, "नाही रे. माझा कसा असेल?"

तू ओरडलास, "ऐकलंत? ऐकलंत?" आणि वेळ संपली.

गालिया जिना उतरताना म्हणाली, "भावजी, तुम्ही कुराणावर हात ठेवून हो म्हणालात आणि फोनवर नाही. आता ते कोणतं धरतील?"

तो कागद माझा आहे, अव्वाद. मी लिहिला. चौथ्यांदा लिहितोय, यातलं एक तरी अक्षर तुझ्यापर्यंत पोचू दे. समोर सांगायची हिंमत झाली नाही. माझी भीती वाटते मला, पुढच्या वेळीही होणार नाही.

मुक्बिल


हिस्न सुवैद
३ फेब्रुवारी २००९

साहेब,

पाकिटावर नाव अव्वादचं आहे, पण हे पत्र तुम्हाला आहे. माझी मागची तीन पत्रं परत आली. वर शिक्का आहे, कैद्याने घेण्यास नकार दिला. तेव्हा हेही तो घेणार नाही. पण त्याच्याकडे जाण्याआधी ते तुमच्या टेबलावर येतं, आणि तुम्ही ते वाचता. एवढी वर्षं माझं प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचणारे तुम्ही एकटेच.

काय झालं ते तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल, तरी मला लिहायचंय. तुमच्या त्या तीन अधिकाऱ्यांच्या मंडळाने माझं शपथपत्र आणि माझा फोन शेजारी शेजारी ठेवले. एकात मी हो म्हणतो, दुसऱ्यात नाही. त्यांनी लिहिलं की हे कुटुंब खोटं बोलतं, आणि कैदीही दोन वर्षं खऱ्या कागदाला खोटा म्हणत आला, म्हणजे तोही खोटं बोलतो. त्याला ठेवायचं. अखेर तो लिंडाबाईला भेटला, तेव्हा तिने त्याला माझं शपथपत्र दाखवलं. ती सांगते, तो रागावला नाही. माझी सही त्याने बोटाने चाचपली, पुन्हा चाचपली, आणि उठून गेला. त्या दिवसापासून तो जेवत नाही. तुमचे लोक त्याला नाकातून नळी घालून भरवतात. हे मी आईला सांगितलेलं नाही. ती विचारते, आता वजन वाढलं असेल ना त्याचं?

इथे रेडिओवर रोज ऐकतो, तुमचा नवा अध्यक्ष म्हणतो तळ वर्षभरात बंद करणार. तुमच्या देशात त्यावरून पुन्हा वाद पेटलाय. नाजीमास्तर आनंदाने धावत आला होता. मी त्याला बसवून कॉफी दिली. वर्षभर म्हणजे किती दिवस, आणि नळीवर माणूस किती दिवस जगतो, हे मला माहीत नाही. तुम्हाला असेल.

साहेब, मला तुमचं नाव ठाऊक नाही. तुम्ही आमच्यातलेच कुणी असाल, नाहीतर अरबी कशी वाचाल? इराकचे, लेबनानचे, कदाचित आमच्याच डोंगरातले. तसं असेल तर तो कागद काय होता हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. कट्यारी कशासाठी ठेवतात हे तुम्हाला कुणी सांगायला नको. त्यावर मी भांडत नाही. तुमची नोकरी आहे, तुमची मुलं असतील.

पण एक गोष्ट फक्त तुमच्याकडे आहे. दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये मी त्याला लिहिलं, कागद मी पाठवला. दोन हजार सातच्या जूनमध्ये लिहिलं, ऑगस्टमध्ये लिहिलं. त्या ओळी तुम्ही वाचल्यात आणि तुम्हीच काळ्या केल्यात. त्याला ते कळलंच नाही, कारण तुम्ही कळू दिलं नाहीत. तो बैठकीत ओरडून सांगत होता की कागद बनावट आहे, तेव्हा त्या खोलीच्या पलीकडे कुठेतरी तुम्ही होतात आणि तुम्हाला माहीत होतं की तो मनापासून बोलतोय. अंधाऱ्या खोलीत त्याला नेलं तेव्हाही माहीत होतं.

मी बारा वर्षं निवाडे केले. शंभर शपथा घेणाऱ्यांपेक्षा ज्याने डोळ्यांनी पाहिलं असा एक माणूस मला पुरत असे. या खटल्यात असे तुम्ही एकटेच आहात. मंडळापुढे जा असं मी म्हणत नाही, तेवढं मागायचं तोंड मला नाही. फक्त कधीतरी त्याच्या कोठडीपाशी जा आणि आपल्या भाषेत, हळू आवाजात, त्याला सांगा की त्याच्या भावाने तीनदा खरं लिहिलं होतं आणि ते तुम्ही खोडलंत.

तो माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल.

मुक्बिल